जुना रिपोर्ट शेजारी ठेवून केलेली तपासणी : नौपाड्यातील इमेजिंग केंद्राचा तीन वर्षांचा अनुभव

माझ्या आईला यकृताचा सिरोसिस (यकृत हळूहळू कडक आणि निकामी होत जाण्याचा आजार) असल्याचे निदान २०२२ च्या अखेरीस झाले, आणि जानेवारी २०२३ पासून मी तिला ठाण्यात नौपाड्यातील या केंद्रात तपासणीसाठी घेऊन जात आहे. आतापर्यंत येथे तिची सात वेळा डॉपलरसह (म्हणजे नसांतला रक्तप्रवाहही पाहणारी) सोनोग्राफी, दोनदा फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) आणि एकदा सिटी स्कॅन झाला आहे. घरात सिरोसिसचा रुग्ण असणाऱ्यांना अशा केंद्रात पुन्हा पुन्हा जावे लागते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. एखाद्या वेळी पोटात दुखले म्हणून सोनोग्राफी करून घेणाऱ्याला कदाचित यातले बरेचसे लागू पडणार नाही.

आधी आजाराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आईने आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. तिला २००६ पासून मधुमेह आहे, आणि यकृतात साठलेल्या चरबीतून हळूहळू हा आजार झाला, असे आमच्या पोटविकारतज्ज्ञांनी सांगितले. दुसऱ्या एका ठिकाणी भरलेल्या प्रतीक्षागृहात काउंटरवरच्या व्यक्तीने मोठ्याने ‘पेशंटला पिण्याची सवय?’ असे विचारले होते आणि आई त्या दिवशी घरी येईपर्यंत एक शब्दही बोलली नव्हती. या केंद्रात तोच प्रश्न छापील फॉर्मवर असतो आणि उत्तर आपण लिहून द्यायचे असते. गोष्ट लहान आहे, परंतु माझ्यासाठी ती लहान नव्हती.

निदान झाले तेच मुळी आडवाटेने. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत प्लेटलेट्स फक्त ८८ हजार आल्या, त्यामुळे शस्त्रक्रिया थांबली आणि घराजवळच्या एका केंद्रात सोनोग्राफी झाली. त्या रिपोर्टमध्ये यकृतात चरबी आहे आणि पित्ताशयाची भिंत ६ मिलिमीटर जाड असून पित्ताशयाला सूज आहे, एवढेच लिहिले होते. पोर्टल व्हेन, म्हणजे यकृतात रक्त नेणारी मोठी नस, ‘नॉर्मल’ असल्याचे नमूद होते; तिची रुंदी किती, रक्ताचा वेग किती, काहीही नाही. तो कागद वाचून आम्हांला शल्यचिकित्सकांकडे पाठवण्यात आले आणि पित्ताशय काढण्याची तारीखही जवळजवळ ठरली. भूल देण्याआधीच्या तपासण्यांत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले एक प्रथिन, २.९ इतके कमी आले, तेव्हा कोणीतरी पोटविकारतज्ज्ञांचे मत घ्या म्हणाले, म्हणून ती शस्त्रक्रिया टळली. सिरोसिसमध्ये रक्तातील प्रथिने कमी झाल्यामुळे आणि पोर्टल व्हेनमधील दाब वाढल्यामुळे पित्ताशयाची भिंत नुसतीच फुगू शकते, तिथे दाह असेलच असे नाही, आणि अशा रुग्णावर पोटाची शस्त्रक्रिया करणे धोक्याचे असते, हे आम्हांला तेव्हा कळले. त्या केंद्राचे नाव मी घेणार नाही. पण सोनोग्राफीचा रिपोर्ट म्हणजे छायाचित्राखाली लिहिलेली ओळ नव्हे, तो एका डॉक्टरचा विचार असतो, ही गोष्ट मी त्या प्रकरणातून शिकले.

नौपाड्यातील केंद्रात पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘मागचे रिपोर्ट आणलेत का?’ आईला टेबलावर घेण्याआधी त्यांनी प्लेटलेट्स, अल्ब्युमिन आणि जुना रिपोर्ट वाचला. नंतर पित्ताशयावर प्रोब ठेवून त्यांनी जरा दाब दिला आणि विचारले, ‘आजी, इथे दुखतं का?’ आई नाही म्हणाली. दोन बोटे सरकून पुन्हा दाबले, पुन्हा तेच उत्तर. पित्ताशयाला खरोखर दाह असता, तर बरोबर त्या जागी दाबल्यावर रुग्ण कळवळतो, असे त्यांनी मला तिथेच सांगितले. पित्ताशयात खडा नव्हता. रिपोर्टमध्ये भिंतीची जाडी लिहून पुढे ‘यकृताच्या आजारामुळे’ असे कारणही दिले होते. महिनाभर आमच्या डोक्यावर टांगलेली शस्त्रक्रिया त्या अर्ध्या मिनिटात बाजूला झाली.

डॉपलरची तपासणी हा या केंद्राचा सर्वांत चांगला भाग आहे, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहिते. खोली काळोखी असते, जेल कोमट करून लावतात. ‘आजी, श्वास आत घ्या, पोट फुगवा, धरून ठेवा... सोडा,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आई आता डॉक्टरांनी सांगण्याआधीच श्वास धरते. आतड्यांतून आणि प्लीहेतून (स्प्लीनमधून) आलेले रक्त यकृतात नेणारी जी मोठी नस, ती पोर्टल व्हेन. पडद्यावर प्रोबच्या दिशेने येणारे रक्त लाल आणि दूर जाणारे निळे दिसते. यकृत कडक झाले की या नसेतल्या रक्ताला पुढे जायला वाट मिळत नाही, दाब वाढतो, नस रुंदावते आणि प्रवाह मंदावतो. आजार फार पुढे गेला तर प्रवाह उलटा फिरून यकृतापासून दूर वाहू लागतो. ही नस साधारणपणे १३ मिलिमीटरपर्यंत रुंद असते. आईची पहिल्या तपासणीत १४ मिलिमीटर होती आणि रक्ताचा वेग सेकंदाला १२ सेंटिमीटर होता. तो १६ च्या खाली गेला तर दाब वाढल्याचा संशय घेतात. प्लीहा १४.६ सेंटिमीटर लांब होती. वाढलेली प्लीहा प्लेटलेट्स स्वतःत अडकवून ठेवते, म्हणजे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ज्या ८८ हजारांच्या आकड्यामुळे थांबली, त्याचा उलगडा इथे झाला. हीच नस आधीच्या केंद्राने ‘नॉर्मल’ म्हणून सोडून दिली होती.

मोजमाप घेताना डॉक्टर घाई करत नाहीत. रक्ताचा वेग मोजण्यासाठी ध्वनिलहर आणि नस यांच्यातला कोन ६० अंशांपेक्षा कमी ठेवावा लागतो, नाहीतर आकडा चुकीचा येतो. त्यासाठी आईला डाव्या कुशीवर वळवून, बरगड्यांच्या फटीतून त्या पुन्हा पाहतात. नसेत गुठळी झालेली नाही ना, हेही प्रत्येक वेळी पाहिले जाते, कारण मंद प्रवाहात रक्त गोठू शकते आणि रुग्णाला काहीही जाणवत नाही. जन्मानंतर बंद झालेली नाभीजवळची जुनी नस पुन्हा उघडली आहे का, प्लीहेभोवती वेड्यावाकड्या नसा फुगल्या आहेत का, पोटात पाणी आहे का, आणि यकृतात कुठे गाठ दिसते का, या सगळ्याची नोंद रिपोर्टमध्ये असते. यकृताचा कोणता भाग आतड्यातील हवेमुळे नीट दिसला नाही, हेसुद्धा लिहिलेले असते. मला वाटते, जे दिसले नाही ते लिहून देणारा रिपोर्ट अधिक विश्वासाचा असतो. शिवाय शेवटी एक ओळ हमखास असते : मागील तपासणीच्या तुलनेत काय बदलले. सिरोसिसच्या रुग्णासाठी सगळ्या रिपोर्टमध्ये हीच ओळ सर्वांत मोलाची आहे. १४ मिलिमीटर हा आकडा एकटा फारसे बोलत नाही. सहा महिन्यांपूर्वीही तो १४ च होता, हे कळले की आम्ही त्या रात्री नीट झोपतो.

फायब्रोस्कॅनबद्दल लोकांच्या मनात बरेच गैरसमज असतात, म्हणून त्याची पद्धत सांगते. फ्रान्समधील एकोसेन्स या कंपनीचे हे यंत्र आहे. रुग्णाने किमान तीन तास काही खाल्लेले नसावे. आईला पाठीवर झोपवून उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगितला, तेव्हा कोपरापर्यंत सरकलेल्या हिरव्या बांगड्यांचा आवाज झाला आणि ती ओशाळून हसली. बरगड्यांच्या मधल्या जागेवर प्रोब ठेवून बटण दाबले की टिचकी मारल्यासारखा हलका धक्का बसतो. त्यातून ५० हर्ट्झचा तरंग यकृतात जातो. यकृत जितके कडक, तितका तो तरंग वेगाने धावतो, आणि त्या वेगावरून कडकपणा किलोपास्कलमध्ये काढतात. अशा किमान दहा टिचक्या घेतात आणि मधला आकडा धरतात. आकड्यांतला फरक मधल्या आकड्याच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर ती तपासणी भरवशाची मानत नाहीत. निरोगी यकृताचा आकडा साधारण ५ च्या आसपास असतो, आईचा ३१.४ आला. फरक १४ टक्के होता, आणि तो त्यांनी रिपोर्टवर लिहिला होता. अनेक ठिकाणी हा दुसरा आकडा लिहीतच नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते.

या ३१.४ मुळे आईची एक मोठी भीती दूर झाली. सिरोसिसमध्ये अन्ननलिकेत नसा फुगतात आणि फुटल्या तर रक्ताची उलटी होते, म्हणून एंडोस्कोपी करून त्या पाहण्याची पद्धत आहे. आई नळी गिळण्याच्या कल्पनेनेच घाबरली होती. इटलीतील बावेनो या गावाच्या नावाने भरणाऱ्या तज्ज्ञांच्या बैठकीत २०२१ साली असे ठरले की कडकपणा २५ किलोपास्कल किंवा त्याहून जास्त असेल, तर बहुतेक रुग्णांत पोर्टल व्हेनचा दाब धोक्याच्या पातळीवर आहे असे धरून नसांवरचा ताण कमी करणारे औषध सुरू करता येते, आणि ते औषध सोसत असेल तर केवळ चाचपणीसाठी एंडोस्कोपी करण्याची गरज राहत नाही. आमच्या डॉक्टरांनी त्याच आधारावर कार्व्हेडिलॉल सुरू केले. अर्थात हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा असतो. स्थूल रुग्णांत हे गणित थोडे बदलते, आणि ज्यांना रक्ताची उलटी झालेली आहे त्यांना एंडोस्कोपी करावीच लागते.

जानेवारी २०२४ मध्ये दुसरा फायब्रोस्कॅन झाला आणि ३०.२ आला, म्हणजे जवळपास तेच. त्यानंतर जुलै २०२४ मध्ये सोनोग्राफीत यकृताभोवती पाण्याची पातळ कडा दिसली. बाहेरून पोट अजिबात फुगलेले नव्हते. जलोदर हाताला लागण्याआधी सोनोग्राफीत दिसतो तो असा, आणि त्यामुळेच मीठ कमी करण्याचा आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीचा उपाय वेळेत सुरू झाला. त्या वेळी मी तिसऱ्या फायब्रोस्कॅनचे पैसे भरायला काउंटरवर गेले होते. डॉक्टरांनी आतून निरोप पाठवला की पोटात पाणी असताना तरंग नीट पोहोचत नाही, आकडा विश्वासाचा येणार नाही, आणि आता त्याने उपचारही बदलणार नाहीत, तेव्हा पैसे घालवू नका. स्वतःच्या यंत्राची तपासणी नाकारणारे केंद्र मी पहिल्यांदाच पाहिले.

जुलै २०२५ मध्ये यकृताच्या उजव्या भागात ९ मिलिमीटरची गाठ दिसली. सिरोसिसच्या रुग्णांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात ती मुख्यतः याचसाठी, कारण या यकृतात कर्करोग होण्याचा धोका असतो आणि लहान असताना सापडला तरच उपचाराला वाव असतो. १० मिलिमीटरपेक्षा लहान गाठीसाठी लगेच मोठा स्कॅन न करता तीन ते सहा महिन्यांत पुन्हा पाहावे, असा संकेत आहे. ऑक्टोबरमध्ये ती १२ मिलिमीटर दिसली, म्हणून तीन टप्प्यांचा सिटी स्कॅन सांगितला. एमआरआयचाही पर्याय होता, पण त्या बोगद्यात अर्ध्या तासाहून अधिक वेळ पडून सारखा श्वास रोखणे आईला जमले नसते, आणि पोटातल्या पाण्यामुळे एमआरआयची चित्रेही बिघडू शकतात. हे डॉक्टरांनी आधीच समजावले आणि सिटी स्कॅन सुचवला, जरी एमआरआयचे बिल मोठे झाले असते.

सिटी स्कॅनच्या आधी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट मागितला, कारण चित्रे स्पष्ट यावीत म्हणून टोचले जाणारे कॉन्ट्रास्टचे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. साखरेच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, आधी कधी इंजेक्शनची ॲलर्जी झाली होती का, हेही विचारले. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून आणि उरलेले धमनीतून मिळते; कर्करोगाची गाठ मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर वाढते. म्हणून इंजेक्शननंतर साधारण अर्ध्या मिनिटाने, मग मिनिटभराने आणि मग तीन ते पाच मिनिटांनी चित्रे घेतात. पहिल्या टप्प्यात भोवतालच्या यकृतापेक्षा उजळणारी आणि नंतरच्या टप्प्यांत फिकी पडणारी गाठ संशयास्पद ठरते. सिरोसिसच्या रुग्णात ही खूण इतकी भरवशाची असते की पुष्कळदा सुईने तुकडा न काढताच निदान करता येते. आईची गाठ पहिल्या टप्प्यात उजळलीही नाही आणि पुढे फिकीही पडली नाही. रिपोर्टमध्ये ‘लाय-रॅड्स ३’ असे लिहिले होते, म्हणजे कर्करोग म्हणता येत नाही आणि साफ नाकारताही येत नाही अशी मधली पायरी. तो कागद हातात आल्यावर माझे पाय लटपटले. डॉक्टरांनी दोन रुग्णांच्या मधल्या वेळात मला आत बोलावले, तिन्ही टप्प्यांची चित्रे पडद्यावर एकाखाली एक लावली आणि प्रत्येकात ती जागा बोटाने दाखवली. ‘आत्ता काही करायचं नाही, पण विसरायचंही नाही. तीन महिन्यांनी परत या,’ असे त्या म्हणाल्या.

या तपासण्यांना मर्यादा आहेत, आणि केंद्र त्या लपवत नाही. पोटातले पाणी दिसते, पण त्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला आहे का, हे कोणत्याही चित्रात कळत नाही; त्यासाठी सुईने पाणी काढूनच तपासावे लागते. २०२४ मध्ये आईला ताप आला तेव्हा याच केंद्रात सोनोग्राफीवर जागा बघून त्वचेवर पेनने खूण करून दिली आणि आम्ही तसेच रुग्णालयात गेलो. अमोनिया वाढून येणारी गुंगीही स्कॅनमध्ये सापडत नाही. ‘स्कॅन चांगला आहे’ असे ऐकून घरातल्यांनी निर्धास्त होऊ नये.

आता तक्रारी. जुलै २०२३ मध्ये आम्हांला सकाळी साडेआठची वेळ दिली होती आणि आत बोलावले तेव्हा अकरा वाजून गेले होते. आई रात्रीपासून उपाशी होती. तिला दरदरून घाम फुटला, मी पर्समधल्या ग्लुकोमीटरने साखर पाहिली तर ६४. केंद्राकडे त्या क्षणी ना ग्लुकोमीटर होता, ना कोणाला काय करावे हे सुचत होते. शेजारी बसलेल्या एका बाईंनी साखरेची पुडी काढून दिली. मी लेखी तक्रार केली. त्यानंतर मधुमेही रुग्णांना सकाळी आठच्या पहिल्या पाळीत घेऊ लागले आणि काउंटरवर ग्लुकोमीटर आला, हे मान्य केले पाहिजे. तरीही मधुमेही रुग्णाच्या नातेवाइकांनी वेळ घेतानाच हे स्पष्ट सांगावे आणि जवळ ग्लुकोज ठेवावे.

जानेवारी २०२५ मध्ये नेहमीच्या डॉक्टर रजेवर होत्या. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या रिपोर्टमध्ये रक्ताचा वेगही नव्हता आणि तुलनेची ओळही नव्हती. मी दाखवून दिल्यावर दोन दिवसांनी विनाशुल्क पुन्हा तपासणी केली, पण कळव्याहून आईला घेऊन पुन्हा यावे लागले. चांगली पद्धत एका व्यक्तीवर अवलंबून असू नये. केंद्राने सिरोसिसच्या रुग्णांसाठी ठरावीक नमुना करून तो सर्व डॉक्टरांना बंधनकारक करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. रिपोर्ट केवळ इंग्रजीत मिळतो. भिंतीवर गर्भलिंग निदान केले जात नाही हा फलक ठळक मराठीत आहे, मग रिपोर्टच्या शेवटी मराठीत चार ओळी देणे अवघड का असावे? आई चौथीपर्यंत शिकलेली असली तरी रोज वर्तमानपत्र वाचते, आणि स्वतःच्या यकृताबद्दल तिला माझ्या तोंडून ऐकावे लागते.

डॉपलरचे दर आसपासच्या केंद्रांपेक्षा थोडे जास्त आहेत. गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षाने येणेच बरे. चित्रे मोबाइलवर लिंकने येतात, पण ती लिंक काही दिवसांनी बंद होते, म्हणून सीडी आवर्जून मागून घ्यावी. पुढच्या वेळी तुलनेसाठी तीच उपयोगी पडते. मी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका निळ्या फाइलमध्ये लावले आहेत आणि पहिल्या पानावर वहीचा कागद चिकटवून त्यावर नसेची रुंदी, वेग, प्लीहेची लांबी, प्लेटलेट्स आणि आता गाठीचे माप असे रकाने आखले आहेत. डॉक्टर तपासणीआधी तो कागद वाचतात. मागच्या वेळी गाठीचा रकाना त्यांनीच स्वतःच्या पेनने भरला आणि खाली पुढची तारीख लिहिली : जानेवारीचा दुसरा शनिवार, सकाळी आठ, उपाशीपोटी.